पेटत्या चुलीचं मत

इरफानला शंभरातली एकोणतीस मतं पडली आणि तो निवडून आला. उरलेली एकाहत्तर चार उमेदवारांत फुटली. हे तो स्वतःच सांगत होता, धाकट्या भावाच्या, सकलैनच्या, मस्कतमधल्या अल् खुवैरच्या फ्लॅटमध्ये, जुम्म्याची नमाज आटोपून दस्तरखानावर बसल्या बसल्या, आणि सांगताना त्याची छाती फुगली होती. इंग्लंडच्या उत्तरेला, गिरण्या बंद पडलेल्या एका गावात तो पंचवीस वर्षं राहत होता. तिथल्या कौन्सिलवर त्याची ही दुसरी टर्म. खाडीकाठच्या खलाशाचा पोरगा इंग्रजांची गटारं आणि रस्त्यावरचे दिवे बघतो, ही गोष्ट काही लहान नव्हती.

"म्हणजे एकाहत्तर लोकांना तू नको होतास," थोरला महमूद सुरमईचा काटा काढत म्हणाला.

"तसं नसतं भाई. ज्याला सगळ्यांत जास्त, तो जिंकला. खलास."

खलास हा इकडचा अरबी शब्द इरफाननं थोरल्या भावाला बरं वाटावं म्हणून वापरला. महमूदला काही बरं वाटलं नाही. त्यानं काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि पुढचा तुकडा घेतला.

सगळे जमले होते ते सुरमई खायला नाही आणि इरफानची छाती बघायलाही नाही. गावी त्यांची अम्मा, हवाबी, न्हाणीत पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, रत्नागिरीत ऑपरेशन झालं, आणि आता ती घरी खाटेवर होती. शेजारच्या घरातून डबा येत होता. एक बाई सकाळी येऊन अंग पुसून जात होती. तीन मुलगे आणि एक मुलगी, चौघंही समुद्रापलीकडे. कुणीतरी गावी जायला हवं होतं, आणि कुणी जायचं हे मोठ्या दोघा भावांच्या घरात आधीच ठरलेलं होतं. आजचं बसणं फक्त शिक्का मारायला. तो शिक्का चहानंतर मारायचा, जेवताना नाही. जेवताना इंग्लंड.

ज्या बाईवर शिक्का मारायचा होता ती आत सकलैनच्या बायकोबरोबर, शकीलाबरोबर, भाकऱ्या करत होती.

अल्फिया चव्वेचाळीस वर्षांची. नवऱ्यापासून खुला, म्हणजे स्वतःहून मागितलेली फारकत, घेऊन आली तेव्हा भावांनी मिळून ठरवलं की ती ओमानमधल्या सोहारला महमूदकडे राहील. तेव्हाही तिला कुणी विचारलं नव्हतं. पण तिथं ती टिकली. आधी घरातच, मग औद्योगिक वसाहतीजवळच्या एका पॉलिक्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन. कारखान्यातल्या कामगारांचं रक्त काढायची. मोठमोठे वेल्डर सुई बघून मान फिरवायचे आणि ती त्यांना मल्याळममध्ये, बंगालीत, उर्दूत एकेक वाक्य बोलून हसवायची. आता तिचा व्हिसा तिच्या स्वतःच्या नोकरीवर होता. सोहारमध्ये तिला नावानं ओळखणारी माणसं होती. कुणाची बहीण म्हणून नाही.

आणि हे सगळं करून ती रोज पहाटे उठून महमूदच्या घरातल्या सात माणसांच्या भाकऱ्याही करत होती. जोहराभाभीचे गुडघे दुखायचे. गुडघे अल्फिया घरात आली त्याच वर्षी दुखायला लागले.

"आपा, तुम्ही काही बोलणार आहात की नाही?" शकीला हलक्या आवाजात म्हणाली.

"माझं मत कुठं आहे?"

हे खरंच होतं. त्यांच्या अब्बांनी मरायच्या आधी घराला एक नियम घालून दिला होता. मोठा प्रश्न आला की चुलीला एक मत. जिथं स्वतःची चूल पेटते तिथून एक मत येईल. ज्या बाजूला चुली जास्त, ते सगळ्यांनी मुकाट मानायचं. दोन्हीकडे सारख्या झाल्या तर काहीच बदलायचं नाही, आहे तसं चालू ठेवायचं. आता सगळ्यांकडे गॅस होता, पण शब्द चूलच राहिला. चुली चार. गावी हवाबीची, सोहारला महमूदची, इथं सकलैनची, तिकडे इरफानची. अल्फिया महमूदच्या चुलीत मोजली जायची. त्या चुलीवर हात भाजून घ्यायची ती, आणि मत द्यायचा तो.

पण अल्फियानं हिशेब केला होता. गुरुवारी तिनं सकलैनला फोन करून शब्द घेतला होता. धाकटा आहे, मऊ आहे, पण शब्द दिला होता. आणि अम्मा तर तिच्याच बाजूची. अम्मानं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, तू नोकरी सोडून येऊ नको. दोन आणि दोन. बरोबरी. आहे तसं चालू. मग हे लोक बाई ठेवतील, नर्स ठेवतील, काहीतरी करतील. एवढाच तिचा डाव होता, आणि तो लंगडा नव्हता.

बाहेर समरीनचा आवाज चढला होता.

समरीन इरफानची थोरली. तिकडंच जन्मलेली, तेवीस वर्षांची. मँचेस्टरमध्ये मतदानाची पद्धत बदला म्हणून दारोदार हिंडणाऱ्या एका संघटनेचं काम करायची. तिचं मराठी घरात शिकलेलं, कोकणी हेलाचं आणि अर्धं इंग्रजी. बापाशी भांडायला तेवढं पुरायचं.

"अब्बू, मोठ्या अब्बांनी बरोबर विचारलंय," ती महमूदकडे बघत म्हणाली. "त्या सेव्हंटी-वनचं काय झालं?"

"त्यांनी एकत्र यायचं होतं."

"का म्हणून? ते वेगळे लोक आहेत. चाचा, ऐका. गेल्या पार्लमेंटच्या इलेक्शनला एका पार्टीला चौतीस टक्के मतं, आणि सीट्स साठ टक्क्यांच्या वर. दुसऱ्या एका पार्टीला चौदा टक्के. साडेसहाशेतल्या सीट्स किती सांगा?"

"नव्वद?" सकलैननं मनात हिशेब करून विचारलं.

"पाच."

महमूदनं मान वर केली. त्यानं आयुष्यात कधी मत दिलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी गाव सोडलं, मग मस्कत, मग सोहारचा पोलादाचा कारखाना. इथं तो परका. गावी मत द्यायचं तर विमानानं जाऊन रांगेत उभं राहायला हवं, आणि अर्बाब, इथला मालक, त्यासाठी रजा देत नाही. जगातला कुठलाच माणूस महमूदकडे मत मागायला आलेला नव्हता. इरफान मात्र इंग्लंडात उतरल्यावर वर्षाच्या आत मत देऊन आला होता, तेही भारताच्या पासपोर्टवर. तिथं तसं चालतं, म्हणे. हे महमूदला पहिल्यांदा कळलं तेव्हा त्यानं दोनदा विचारून खात्री केली होती.

"पाच म्हणजे चोरीच झाली की," तो म्हणाला.

"चोरी?" इरफान पुढं सरकला. "भाई, ही पाचवाली पार्टी कोण माहितीय? आपल्याला बोटीत घालून परत पाठवा म्हणणारी. समरीनच्या पद्धतीनं मोजलं तर त्यांना नव्वद मिळतील. नव्वद. मग ही बसमध्ये डोक्यावर ओढणी घेऊन बसेल तेव्हा बघू."

"आणि तुमच्या पद्धतीनं त्यांना तीस टक्के मिळाले तर?" समरीन म्हणाली. "उरलेले सत्तर आपसात फुटले तर? मग नव्वद नाही अब्बू, सगळं घर त्यांचं. तुमच्या वॉर्डात तुम्ही एकोणतीसवर जिंकलात ना? पुढच्या वेळी ते तीसवर जिंकतील."

इरफानच्या हातातला घास हातातच राहिला.

ही पोरगी त्याच्या पोटातली भीती सगळ्यांसमोर ताटात वाढत होती. रोज सकाळी तो वॉर्डात फिरायचा तेव्हा खिडक्यांतले त्या पार्टीचे झेंडे मोजायचा. गेल्या वर्षी तीन गल्ल्यांत होते, आता अकरा. ज्या गोऱ्या म्हाताऱ्यांची गटारं त्यानं उपसून दिली, त्यांच्याच खिडक्यांत. त्याला ती पद्धत आवडायची कारण त्या पद्धतीनं त्याला काहीतरी दिलं होतं, आणि ज्यानं आपल्याला दिलं त्याला खोटं म्हणायची ताकद फार थोड्या माणसांत असते. इरफानमध्ये नव्हती.

"गटार तुंबलं तर म्हातारीला माहीत असतं फोन कुणाला करायचा," तो म्हणाला. "एक वॉर्ड, एक माणूस. तुझ्या पद्धतीत कुणाला करायचा? पार्टीच्या यादीला?"

"आयर्लंडमध्ये एका भागातून तीन-चार जण निवडून येतात. त्यातला जो आपला वाटेल त्याला करायचा. सोपं आहे."

"लोकांना विचारलं होतं की. दोन हजार अकराला. नको म्हणाले."

"तेव्हा जे विचारलं ते प्रपोर्शनल, जेवढी मतं तेवढ्या सीट्स, असं नव्हतंच. तुम्हाला माहितीय ते."

त्याला माहीत होतं. त्यानं पाणी प्यायलं.

"आणि मग सरकारच बनत नाही," तो म्हणाला. "युरोपात बघ, महिनोन्महिने नुसते बसून बोलत असतात."

"बसून बोलतात, यात वाईट काय आहे?"

"यल्ला, बस झालं," महमूद म्हणाला. "चहा आणा."

चहा आला. अल्फियानंच आणला. ट्रे ठेवून ती आत जायला वळली तेव्हा महमूद म्हणाला, बस. ती दाराशी बसली.

महमूदनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. जोहराचे गुडघे. त्याची स्वतःची नोकरी संपायला दीड वर्ष, मधेच सोडली तर हातात काही पडायचं नाही. सकलैनची मुलं इंडियन स्कूलमध्ये, बोर्डाचं वर्ष. इरफानचा वॉर्ड. आणि अल्फिया मोकळी. मोकळी हा शब्द त्यानं दोनदा वापरला. शिवाय अम्माला मुलीच्या हाताची सवय, सून किंवा परकी बाई ते करणार नाही. तेव्हा अल्फियानं नोकरीचा राजीनामा द्यावा आणि गावी अम्माजवळ राहावं. किती दिवस, तर अम्मा आहे तोवर. भाऊ तिला काही कमी पडू देणार नाहीत.

कुणी रागानं बोलत नव्हतं. सगळं मायेच्या आवाजात चाललं होतं. बाईचं आयुष्य काढून घेताना आपल्याकडे आवाज नेहमी असाच असतो.

"माझी चूल, हो," महमूद म्हणाला. "इरफान?"

"हो."

"सकलैन?"

सकलैन एका कंत्राटदार कंपनीच्या ऑफिसात माणसांच्या नेमणुका-बदल्यांची पत्रं लिहायचा. दुसऱ्यांनी घेतलेले निर्णय तिसऱ्याला गोड शब्दांत कळवणं, हेच त्याचं काम. त्यानं आपाकडे पाहिलं, मग कपाकडे.

"आधी अम्माच्या चुलीचं मत घेऊ या का? फोनवर?"

शब्द पाळत होता पोरगा, अल्फियाला वाटलं.

"अम्माची चूल बंद आहे," इरफान म्हणाला.

"म्हणजे?"

"डबा येतोय ना शेजारून. महिना झाला घरात गॅस पेटलेला नाही. अब्बांचे शब्द आठव. जिथं चूल पेटते तिथून मत. अब्बा काही जिथं पूर्वी पेटायची तिथून असं म्हणाले नव्हते. मी आमच्याकडे रोज बघतो, पत्ता नसेल तर मतदारयादीत नाव नाही. नियम म्हणजे नियम."

तो हे दुष्टपणे म्हणाला नाही. त्याला खरंच वाटत होतं की तो नियम पाळतोय. अम्मा अल्फियाच्या बाजूनं आहे हेही त्याला माहीत होतं, पण या दोन गोष्टी त्यानं डोक्यातल्या वेगळ्या कप्प्यांत ठेवल्या होत्या. कौन्सिलवर बसून बसून माणसाला हे जमायला लागतं.

महमूदनं मान हलवली. अब्बांचे शब्द तसेच होते.

मग सकलैननं हिशेब केला. चार चुली असत्या तर बरोबरी होती. तीन चुलींत दोन तर आधीच गेलेल्या. त्याच्या एकट्याच्या नाहीनं काय होणार? आपाचं काही वाचणार नाही, आणि दोन्ही भावांच्या नजरेत तो उठून दिसणार. पुढं त्याला भावांशीच बोलायचं होतं.

"मग माझं मत वायाच जाणार," तो म्हणाला. "असं असेल तर... ठीक आहे. मी पण सगळ्यांच्या सोबत."

अल्फियानं धाकट्या भावाकडे एकदाच पाहिलं, आणि सकलैननं कप उचलून तोंडासमोर धरला. कप रिकामा होता.

"तिन्ही चुली एकमत," इरफान म्हणाला. "अल्हम्दुलिल्लाह."

"एकमत?" समरीन उभी राहिली. "अब्बू, हे एकमत आहे? दादी विरोधात आहे. चाचा विरोधात होते, आता दोन मिनिटांपूर्वीपर्यंत. हाफ द फॅमिली. आणि तुम्ही मोजलं तर तीन-शून्य. उद्या कुणाला कळणार पण नाही की कुणी नाही म्हणत होतं. चाचांना घाबरवायला पण लागलं नाही, फक्त एवढंच दाखवलं की तुमचं मत फुकट जाणार. मी जेवताना दुसरं काय सांगत होते?"

"ते इलेक्शन होतं. हे घर आहे."

"आणि जिला पाठवताय तिला मतच नाही."

"समरीन, बस खाली."

ती बसली नाही. पण पुढं काय बोलायचं हे तिलाही सुचेना. मँचेस्टरमध्ये ती पत्रक हातात द्यायची आणि पुढच्या दाराकडे जायची. इथं पुढचं दार नव्हतं. अल्फियाफुफी समोर बसलेली होती.

अल्फिया उठली आणि आत गेली.

महमूदला वाटलं, रडायला गेली. रडून येईल, मग सोहारला परतताना गाडीत तिला समजावू. त्याला वाईट वाटत होतं, खोटं नाही. सोहारला तिच्याशिवाय सकाळ कशी उगवेल हा विचारही त्याच्या मनात आला, आणि तो विचार बहिणीबद्दल आहे की भाकरीबद्दल, हे तपासायच्या आत त्यानं तो झटकला.

आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. मग शकीला काहीतरी म्हणाली आणि हसली. मग बाल्कनीचं सरकतं दार.

इथल्या प्रत्येक घरात एक शेगडी असते. थंडीत वादीत, डोंगरातल्या ओढ्याकाठी, नाही तर समुद्रावर जाताना गाडीच्या डिकीत टाकायची. प्लास्टिकच्या पेटीत एक बर्नर, आणि बाजूला खोचायचा गॅसचा छोटा डबा. सकलैनकडेही होती. अल्फियानं ती बाल्कनीत, एसीच्या गरम वाऱ्यात, खाली फरशीवर मांडली. शकीलानं तवा दिला आणि तांदळाच्या पिठाची उकड दिली, जेवणातली उरलेली. अल्फियानं शेगडी पेटवली. वाऱ्यानं दोनदा विझली. तिसऱ्यांदा शकीला ट्रे आडवा धरून उभी राहिली.

दिवाणखान्यातून काचेच्या दारापलीकडे हे सगळं दिसत होतं. तिघे भाऊ बघत होते आणि कुणालाच कळत नव्हतं. भाकऱ्या तर झाल्या होत्या.

भाकरी फुगली. अल्फियानं ती ताटलीत घेतली, आत आली, दाराशी नाही, दस्तरखानावर महमूदच्या समोर बसली आणि एक तुकडा मोडून खाल्ला.

"माझी चूल पेटली," ती म्हणाली. "आता मोजा."

मग इरफान हसला.

"अल्फिया, ती पिकनिकची शेगडी आहे."

"अम्माच्या घरी सिलिंडर आहे, शेगडी आहे, तवा आहे. तरी तिचं मत गेलं, कारण पेटत नाही. असं तूच म्हणालास, इरफानभाई. म्हणजे मत भांड्याकुंड्यांचं नाही, पेटण्याचं. माझी पेटतेय. स्वतःच्या हातानं केलंय, स्वतःचं खातेय. आजपासून मी भाईंच्या चुलीवर जेवणार नाही, आणि रांधणारही नाही."

शेवटचे दोन शब्द महमूदपर्यंत जायला थोडा वेळ लागला. मग पोहोचले.

"रांधणार नाही म्हणजे?"

"वेगळी चूल म्हणजे वेगळी चूल, भाई."

महमूदनं इरफानकडे पाहिलं. नियमाचा माणूस तोच होता. इरफान तोंड उघडून बसला होता. त्यानं स्वतःच दार एवढं रुंद केलं होतं की आता त्यातून बाई आत आली होती. म्हणावं तर काय? अब्बांनी चुलीला मत दिलं होतं, बापयाला, घरच्या पुरुषाला, दिलेलं नव्हतं. इतकी वर्षं सगळ्यांनी ते बापयाचं समजून वापरलं, एवढंच. नाही म्हणायचं तर अम्माचं मत परत द्यायला लागत होतं. हो म्हणायचं तर हिचं. समरीन बापाकडे टक लावून बघत होती, आणि लेकीसमोर नियम मोडणं त्याला जमण्यातलं नव्हतं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "चार चुली. माझी हो. भाईंची हो. तुझी नाही. तरी तिनाला एक. सकलैनचं मत आधीच झालेलं आहे, हो म्हणून."

"नव्यानं मोजायचं तर सगळ्यांचंच नव्यानं," समरीन म्हणाली.

शकीला बाल्कनीच्या दारात उभी होती, हातात ट्रे तसाच. "ऐकलंत का," ती नवऱ्याला म्हणाली. "आता वाया नाही जायचं."

सकलैननं मान खाली घातली. आता त्याच्या एका शब्दावर होतं. मघाशी मत वाया जाणार म्हणून त्यानं सोडून दिलं होतं. आता ते वाया जात नव्हतं, आणि त्यामुळंच ते उचलायला जड होतं. माणसाला फुकट जाणारं मत सोयीचं असतं. त्याची जबाबदारी येत नाही.

"नाही," तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "माझी चूल, नाही. मी आपाला गुरुवारीच सांगितलं होतं."

दोन आणि दोन. आहे तसं चालू.

महमूदनं कपाळ पुसलं. एसी चालू होता तरी. "बरं," तो म्हणाला, "तू जिंकलीस. आणि अम्मा? ती तिथं खाटेवर पडलीय. तिचं काय?"

"आता विचारलंत, भाई." अल्फिया त्याच्याकडे वळली. "जेवणाआधीपासून बसलोय आपण. आतापर्यंत तुम्ही अल्फियाचं काय करायचं ते ठरवत होता. अम्माचं काय, हे आत्ता पहिल्यांदा विचारलंत."

तिनं ताटली जवळ ओढली.

"ती माझी पण आई आहे. मी जाणारच नाही असं म्हटलंच नव्हतं कधी. कुणी विचारलंच नाही. चार चुली आहेत, बारा महिने आहेत. तीन महिने मी बिनपगारी रजा काढते. त्यांनी दिली नाही तर भांडून काढते. तीन महिने भाई तुमचे, तुम्ही जा नाही तर जोहराभाभी. तीन सकलैनचे. तीन इरफानभाईचे. समरीन काय म्हणते ते? प्रपोर्शनल."

"फुफी," समरीन म्हणाली, आणि तिनं मान डोलावली.

"मला कसं जमेल?" इरफान म्हणाला. "मी निवडून आलेला माणूस आहे. वॉर्ड वाऱ्यावर सोडू?"

"अब्बू, सिक्स मंथ्स मीटिंगला गेलं नाही तर सीट जाते. तीन महिन्यांनी नाही जात."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"दादीच्या," ती म्हणाली आणि तिनं फोन लावला.

हवाबीचा चेहरा पडद्यावर आला, उशीवर, एका बाजूनं. फोन शेजारच्या मुलीनं धरला होता. हवाबीनं सगळ्यांना एकेक करून बघून घेतलं. समरीननं मोडक्यातोडक्या मराठीत तिला झालेलं सगळं सांगितलं. चुली, मतं, शेगडी, महिने. हवाबी मधे बोलली नाही. तिची चूल बंद म्हणून मत धरलं नाही, हे ऐकल्यावर मात्र तिनं मान उशीवरून उचलायचा प्रयत्न केला.

"हे कुणी ठरवलं?"

समरीननं फोन बापाच्या तोंडासमोर धरला.

"अम्मा, अब्बांचा नियम..." इरफाननं सुरुवात केली.

"तुझ्या अब्बानं नियम केला तेव्हा चूल मी फुंकत होते. धूर माझ्या डोळ्यांत जात होता. मला नियम सांगू नको." हवाबी थांबली, तिला दम लागला होता. "पहिला कोण येतोय?"

सवयीनं सगळ्यांचे डोळे अल्फियाकडे वळले. तिचेही ओठ हलले, तीही सवयच. मग तिनं भाकरीचा मोठा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावत राहिली.

फोन अजून इरफानच्या तोंडासमोर होता. समरीनचा हात खाली येत नव्हता.

"मी येतो," इरफान म्हणाला. "तिकीट बदलतो. इथूनच येतो."

"तुला भात तरी शिजवता येतो का?"

"शिकेन, अम्मा."

"शीक. गॅस पेटवायला शीक आधी." पडदा हलला, शेजारची मुलगी हसत असावी. हवाबी हसत नव्हती. "माझी चूल पेटव, आणि मग ह्या सगळ्यांना फोन लाव. परत मोजायचं हाय मला."

फोन बंद झाला. बाल्कनीतली शेगडी अजून जळत होती, कुणी विझवली नव्हती. अल्फियानं घास गिळला.

"इरफानभाई," ती म्हणाली, "बाहेर ये. वारा कुठल्या बाजूनं अडवायचा ते दाखवते."